विलंबाने आलेला प्रेक्षक : 'फिल्म न्वार' या नावाचा इतिहास आणि नवागतासाठी एक यादी

१

'फिल्म न्वार' या चित्रपटप्रकाराची ओळख करून घ्यायची असेल, तर आरंभ कोठून करावा, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी अलीकडे वारंवार विचारतात. प्रश्न साधा वाटतो आणि त्याचे उत्तर म्हणून दहा-बारा नावांची यादी देऊन मोकळे होता येते. परंतु यादी ही कधीच निष्पाप नसते. कोणत्या कृतीपासून आरंभ करायचा, कोणती वगळायची आणि कोणत्या कृतीशेजारी कोणती ठेवायची, या प्रत्येक निर्णयामागे प्रकाराविषयीची एक धारणा असते. वाङ्मयेतिहासात ज्याला आपण 'परंपरा' म्हणतो, ती पुष्कळदा अशाच कोणा एका अभ्यासकाच्या यादीतून सिद्ध झालेली असते. प्रस्तुत लेखात 'न्वार'ची एक यादी सुचवावयाची आहे. मात्र तत्पूर्वी, ही यादी करण्याची प्रथा कशी सुरू झाली आणि तिच्यात आपण, म्हणजे मराठी प्रेक्षक आणि मराठी समीक्षक, कोठे उभे आहोत, हे पाहणे अगत्याचे आहे.

हा लेख तिरोड्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून लिहिला जात आहे, याचा विषयाशी संबंध आहे. पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेले आणि १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात आलेले हे गाव नागपूर-गोंदिया लोहमार्गावर आहे. चित्रपटव्यवसायाच्या नकाशात हा मुलूख 'सी. पी.-बेरार' या वितरणक्षेत्रात मोडतो. सी. पी.-बेरार हा प्रांत १९५० मध्ये मध्यप्रदेश झाला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पण वितरकांच्या भाषेत प्रांताचे जुने नाव टिकून राहिले. चित्रपटाच्या प्रती मोजक्या असत, त्या आधी महानगरांत फिरत आणि झिजून, जोडल्या जाऊन मग लहान गावांकडे येत. म्हणून अशा गावचा प्रेक्षक हा नेहमीच उशिरा आलेला प्रेक्षक राहिला. या विलंबाकडे आपण आजवर केवळ उणीव म्हणून पाहिले. 'न्वार'चा इतिहास मात्र निराळे सांगतो. हा चित्रपटप्रकार जन्मास आला तोच मुळी उशिरा आलेल्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत.

२

१९४० ते १९४४ या काळात जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपटांना प्रवेश नव्हता. युद्ध संपल्यावर, १९४६ च्या उन्हाळ्यात, मधल्या वर्षांत साचलेले चित्रपट पॅरिसच्या पडद्यावर एकापाठोपाठ एक अवतरले. जॉन ह्यूस्टन यांचा 'द माल्टीज फाल्कन' (१९४१), ओटो प्रेमिंगर यांचा 'लॉरा' (१९४४), एडवर्ड डिमिट्रिक यांचा 'मर्डर, माय स्वीट' (१९४४), बिली वाइल्डर यांचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) आणि फ्रिट्झ लांग यांचा 'द वुमन इन द विंडो' (१९४४) हे त्यांतील प्रमुख. अमेरिकन प्रेक्षकाने हे चित्रपट सुटे सुटे, अन्य शेकडो चित्रपटांच्या गर्दीत पाहिले होते. पॅरिसच्या प्रेक्षकाने ते काही आठवड्यांत, एकमेकांना लागून पाहिले. जे अमेरिकेत विखुरलेले होते ते येथे एका ओळीत आले आणि ओळ दिसली म्हणून नाव सुचले. ऑगस्ट १९४६ मध्ये नीनो फ्रांक या समीक्षकाने एका चित्रपटविषयक नियतकालिकातील लेखात या चित्रपटांसाठी 'न्वार', म्हणजे काळा, हे विशेषण वापरले.

विशेषण अगदीच नवे नव्हते. गालिमार या प्रकाशनसंस्थेने १९४५ मध्ये मार्सेल द्युआमेल यांच्या संपादनाखाली 'सेरी न्वार', म्हणजे 'काळी माला', ही गुन्हेकथांची माला सुरू केली होती. त्याआधी, १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, मार्सेल कार्ने आदी फ्रेंच दिग्दर्शकांच्या विषण्ण चित्रपटांनाही 'न्वार' म्हटले गेले होते, आणि ते बहुधा नापसंतीने, हे चार्ल्स ओब्रायन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले आहे. म्हणजे, शब्द आधी निंदेचा होता, मग पुस्तकांच्या मुखपृष्ठाचा झाला आणि शेवटी परक्या देशातून आलेल्या चित्रपटांना चिकटला. १९५५ मध्ये रेमों बोर्द आणि एत्येन शोमतों यांनी १९४१ ते १९५३ या कालखंडातील अमेरिकन न्वारचा पहिला ग्रंथरूप आढावा घेतला. अमेरिकन समीक्षेने हे नाव आपलेसे केले ते त्याहून कितीतरी उशिरा. पॉल श्रेडर यांचे सुप्रसिद्ध टिपण १९७२ चे आहे.

ज्यांनी हे चित्रपट निर्माण केले त्यांना आपण 'न्वार' करीत आहोत हे ठाऊक नव्हते. स्टुडिओच्या कागदपत्रांत आणि व्यावसायिक पत्रांत त्यांची नोंद 'गुन्हेपट', 'थ्रिलर' किंवा 'मेलोड्रामा' अशी होई. स्टीव्ह नील यांनी १९९३ मध्ये या व्यावसायिक पत्रांची छाननी करून असे दाखवले की, त्या काळी 'मेलोड्रामा' हा शब्द प्रामुख्याने थरार आणि गुन्हा यांच्या चित्रपटांनाच लावला जाई. जेम्स नेअरमोर यांनी तर १९९८ मध्ये असे प्रतिपादन केले की, न्वार ही भूतकाळावर मागाहून प्रक्षेपित केलेली कल्पना आहे. पडद्यावरील छाया खरी. तिचे नाव मात्र प्रेक्षागृहात ठरले.

३

मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. संतकवी, पंतकवी आणि तंतकवी ही विभागणी आपण शाळेपासून पाठ करतो. पण मोरोपंतांना आपण 'पंतकवी' आहोत हे माहीत नव्हते आणि फडावर डफ घेऊन उभ्या राहणाऱ्या शाहिराला आपण 'तंतकवी' आहोत याची वार्ता नव्हती. या संज्ञा मागाहून आलेल्या अभ्यासकांनी, हस्तलिखिते आणि छापील प्रती एकत्र मांडून पाहताना घडवल्या. वाङ्मयप्रकार ही कृतींमध्ये दडलेली वस्तू नसून कृतींच्या शेजारपणातून उत्पन्न होणारे ज्ञान आहे. हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत सांगायचे तर, पॅरिसच्या प्रेक्षकाचे अपेक्षाक्षितिज युद्धाने खंडित झाले होते. त्या खंडामुळेच त्याला जुन्या आणि नव्या अमेरिकन चित्रपटातील अंतर जाणवले. अखंड पाहणाऱ्याला हा पालट जाणवला नाही.

येथे एक धोका आहे आणि तो आजच्या विद्यार्थ्यासमोर विशेषत्वाने उभा आहे. पॅरिसचा प्रेक्षक उशिरा आला होता, पण मध्ये काय घडले हे त्याला माहीत होते. त्या खंडाची किंमत त्याने मोजली होती. आज तिरोड्यातील विद्यार्थ्याच्या हातातील फोनवर १९३९ चा आणि १९८३ चा चित्रपट एकाच क्षणी, एकाच आकारात उपलब्ध होतो. त्यालाही सारे एकदम मिळते. परंतु कशानंतर काय आले हे मिळत नाही. विलंबातून दृष्टी येते ती विलंबाचे भान असेल तरच. म्हणून नवागतासाठीच्या यादीचे पहिले कार्य 'सर्वोत्तम' निवडणे हे नसून सनावळी परत देणे हे आहे.

४

न्वारचा दृश्यबंध म्हणजे एकाच बाजूने येणारा प्रखर प्रकाश, भिंतीवर वाढत जाणारी सावली, खिडकीच्या पट्ट्यांनी चिरलेला चेहरा. हा दृश्यबंध बहुतांशी बर्लिनच्या स्टुडिओंतून हॉलिवूडला गेला, हे सर्वमान्य आहे. हिटलर जानेवारी १९३३ मध्ये सत्तेवर आल्यानंतर त्याच वर्षी लांग, वाइल्डर आणि रॉबर्ट सिओडमॅक यांनी जर्मनी सोडली. परंतु त्या उजेडाची दुसरी वाट आपल्याकडे आली, ही गोष्ट जगातील न्वारच्या याद्यांत सहसा आढळत नाही.

त्याच १९३३ मध्ये 'सैरंध्री' या चित्रपटाच्या रंगीत प्रतींच्या कामासाठी व्ही. शांताराम जर्मनीत होते. तेथून परतल्यावर त्यांनी केलेल्या 'अमृतमंथन' (१९३४) मध्ये राजगुरूच्या डोळ्याचे अतिसमीप दृश्य आणि अंधारातील मशालींचा खेळ आहे. मुंबईच्या मालाड येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये फ्रान्झ ऑस्टेन हे दिग्दर्शक आणि योझेफ विर्शिंग हे छायाचित्रणकार, दोघेही जर्मन, कामास होते. युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने विर्शिंग यांना स्थानबद्ध केले. युद्धानंतर ते पुन्हा कॅमेऱ्यामागे आले आणि त्यांनी कमाल अमरोही यांचा 'महल' (१९४९) चित्रित केला. ज्या परंपरेतील माणसे कॅलिफोर्नियात 'लॉरा' आणि 'डबल इन्डेम्निटी' घडवीत होती, त्याच परंपरेतील एक माणूस मालाडमध्ये झुंबराखाली सावल्या मांडीत होता.

या दोन स्टुडिओंना जोडणारा दुवा म्हणजे गुरुदत्त. १९४४ मध्ये ते पुण्याच्या प्रभात कंपनीत दाखल झाले. तेथेच त्यांची देव आनंद यांच्याशी मैत्री झाली. पुढे त्यांनी ज्ञान मुखर्जी यांच्या 'संग्राम' (१९५०) मध्ये साहाय्यक म्हणून काम केले. बॉम्बे टॉकीजचा 'किस्मत' (१९४३), ज्यात नायकच पाकीटमार आहे, तो याच मुखर्जींचा. नवकेतनचा 'बाजी' (१९५१) हा गुरुदत्तांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. त्या चित्रपटात साहाय्यक असलेले व्ही. के. मूर्ती 'जाल' (१९५२) पासून गुरुदत्तांचे छायाचित्रणकार झाले, आणि मूर्तींच्या हाताखाली उमेदवारी केलेले गोविंद निहलानी यांनी पुढे 'आक्रोश' (१९८०) आणि 'अर्धसत्य' (१९८३) दिग्दर्शित केले. शांताराम आणि विर्शिंग यांच्यापासून गुरुदत्त, मूर्ती आणि निहलानी यांच्यापर्यंतची ही साखळी पाहिली, म्हणजे 'मुंबईचा न्वार' ही हॉलिवूडची उसनवारी आहे हे मत किती अपुरे आहे ते ध्यानात येते. उसनवारी होती, पण उसने घेणाऱ्याच्या घरी आपली अशी जुनी पुंजीही होती.

मराठी समीक्षेने या पुंजीकडे कसे पाहिले? अरुण खोपकर यांचा 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' (१९८५) हा मराठीतील चित्रपटमीमांसेचा एक मानदंड आहे. त्याच्या शीर्षकातील तीन अंक म्हणजे 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी और गुलाम'. ग्रंथाच्या सिद्धान्ताला ही निवड आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, आपल्या अभ्यासक्रमांत गुरुदत्त हे शोकांतिकेचे दिग्दर्शक म्हणून स्थिर झाले आणि 'बाजी', 'आर पार' (१९५४) यांसारखे गुन्हेपट करमणुकीच्या खात्यात जमा झाले. चांगली यादीसुद्धा काही झाकते, याचे हे उदाहरण.

५

उजेडाची परंपरा होती, मग १९५० नंतर मराठी भाषेत न्वार का घडला नाही? याचे एक उत्तर वाङ्मयात शोधावे लागते. अमेरिकन न्वार डॅशिएल हॅमेट, जेम्स एम. केन आणि रेमंड चँडलर यांच्या कठोर धाटणीच्या गुन्हेकथांवर पोसला गेला. या कथांत शोध घेणारा स्वच्छ राहत नाही. हॅमेट स्वतः खाजगी गुप्तहेरसंस्थेत नोकरी करून आलेले. त्यांच्या कथेत गुन्ह्याची उकल होते, पण जग पूर्ववत होत नाही. मराठीतील रहस्यकथेचा संसार संख्येने अफाट होता. एकट्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची संख्या हजारावर जाते. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू यांनी दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली आणि एसटीच्या प्रवासात, वाचनालयाच्या फळीवर त्यांनी जे स्थान मिळवले ते शिष्ट साहित्याला मिळाले नाही. परंतु या कथांचा रूपबंध आश्वासक आहे: नायक वेशांतर करतो, संकटातून निसटतो, खलाला शासन होते आणि नायकाच्या अंतःकरणाला डाग लागत नाही. ही उणीव नव्हे. तो त्या प्रकाराचा वाचकाशी असलेला करार आहे. मात्र त्या करारातून न्वार निघत नाही.

दुसरे उत्तर भाषा आणि शहर यांच्या संबंधात आहे. १९५३ मध्ये प्रभात बंद पडली. 'सांगत्ये ऐका' (१९५९) च्या यशानंतर मराठी चित्रपटाने पाटलाचा वाडा आणि तमाशाचा फड यांत आपले घर केले. शहरातील रात्र हिंदीकडे गेली. त्या रात्रीत मराठी बोलणारा माणूस उरला तो पुष्कळदा हवालदाराच्या दुय्यम भूमिकेत. १९३९ मध्ये तोच हवालदार 'माणूस' या मराठी चित्रपटाचा नायक होता, हे आठवले म्हणजे या स्थित्यंतराचे मोल कळते.

म्हणून मराठीतील काळोख शोधायचा तो गुन्हेकथेत नव्हे. तो सुधारणेच्या प्रश्नात, कुटुंबाच्या आठवणीत आणि गावच्या सत्तेत आहे. खालील क्रम या दृष्टीने लावला आहे.

६

नवागताने सहा जोड्या पाहाव्यात. प्रत्येक जोडीत एक चित्रपट त्या जगातला आणि एक आपल्याकडचा. तुलना श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यासाठी करायची नसून, शेजारपणातून काय दिसते हे पाहण्यासाठी करायची आहे.

पहिली जोडी 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) आणि 'माणूस' (१९३९) यांची. केन यांच्या कादंबरीवरून वाइल्डर आणि चँडलर यांनी लिहिलेल्या पहिल्या चित्रपटात जखमी विमा-एजंट रात्रीच्या कचेरीत आपला कबुलीजबाब ध्वनिमुद्रित करतो. शेवट आधीच ठरलेला आहे आणि स्त्री हा सापळा आहे. शांतारामांच्या चित्रपटात गणपत हा पोलीस धाडीच्या रात्री मैना या वेश्येला वाचवतो आणि तिला घरी, आईसमोर, आणू पाहतो. मैना त्या सभ्य घराच्या उंबरठ्यावरून परत फिरते, पुढे आपल्याला पिळणाऱ्या मामाचा खून करते आणि सुटकेची संधी नाकारून शिक्षा पत्करते. येथे सापळा स्त्री नाही. सापळा तो उंबरठा आहे. गणपतची दया खरी आहे आणि तरीही ती अपुरी आहे, हे चित्रपट कोणतीही सबब न देता सांगतो.

दुसरी जोडी 'लॉरा' (१९४४) आणि 'महल' (१९४९). दोन्हींत एक पुरुष चित्रासमोर उभा आहे. पहिल्यात पोलीस अधिकारी मृत समजल्या गेलेल्या स्त्रीच्या चित्राच्या प्रेमात पडतो. दुसऱ्यात नव्या वाड्याच्या मालकाला भिंतीवर स्वतःचाच चेहरा असलेले जुने चित्र दिसते. एकाला परकी प्रतिमा ओढून नेते, दुसऱ्याला स्वतःचीच. पुनर्जन्माची कल्पना आपल्या दिग्दर्शकाला काय देते आणि तिचा भंग झाल्यावर काय उरते, याचा विचार येथे करावा.

तिसरी जोडी 'गिल्डा' (१९४६) आणि 'बाजी' (१९५१). जुगारखाना, त्याचा मालक, नाचणारी स्त्री आणि नशिबावर पैज लावणारा तरुण ही सामग्री समान आहे. भेद कारणमीमांसेत आहे. बलराज साहनी यांनी लिहिलेल्या 'बाजी'चा नायक आजारी बहिणीसाठी वाममार्गाला लागतो. अमेरिकन न्वारमध्ये काळोख स्वभावात असतो. येथे तो दारिद्र्यात आहे आणि म्हणून तो दूर होण्याची आशाही आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकाचा हा विश्वास आहे. तो भाबडा ठरवण्यापूर्वी तो कोणत्या काळात उच्चारला गेला हे पाहावे.

चौथी जोडी जॅक टर्नर यांचा 'आउट ऑफ द पास्ट' (१९४७) आणि राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४). पहिला चित्रपट लहान गावातील पेट्रोल पंपावर सुरू होतो. नाव बदलून राहणाऱ्या माणसाला शोधत भूतकाळ मोटारीतून येतो. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर आधारलेल्या 'पाठलाग'मध्ये भूतकाळ न्यायालयात येतो: जिच्या मृत्यूबद्दल नायकाला शंका नाही, तिचाच चेहरा घेऊन एक स्त्री आरोपी म्हणून उभी राहते. विवाहातील जिव्हाळ्याच्या आठवणी येथे पुरावा होतात. आठवण ही सर्वांत खाजगी गोष्ट, आणि तीच उलटतपासणीत वापरली जाते. ही मराठी मध्यमवर्गीय घराला पडलेली खरी भीती आहे. याच चित्रपटावरून राज खोसला यांनी 'मेरा साया' (१९६६) केला. हे खोसला गुरुदत्तांच्या तालमीतले आणि 'सी. आय. डी.' (१९५६) चे दिग्दर्शक. हिंदीकडे गेलेली रात्र येथे मराठीकडून पुन्हा काही घेऊन गेली.

पाचवी जोडी कॅरल रीड यांचा 'द थर्ड मॅन' (१९४९) आणि जब्बार पटेल यांचा 'सामना' (१९७४). एक उपरा गावात येतो आणि एका माणसाचे काय झाले असे विचारत राहतो; कोणी खरे सांगत नाही. युद्धोत्तर व्हिएन्नात तो प्रश्न स्वस्त कादंबऱ्या लिहिणारा लेखक विचारतो. साखर कारखान्याच्या सत्तेखालील गावात तो एक दारुडा मास्तर विचारतो. विजय तेंडुलकरांच्या पटकथेचे मर्म असे की, हा मास्तर ज्याच्याविरुद्ध चौकशी करतो त्या हिंदुराव धोंडेपाटलाच्याच घरी राहतो आणि त्याचीच दारू पितो. शोध घेणारा गुन्ह्याच्या पंक्तीला जेवतो. 'सामना'मध्ये शहर नाही, पावसाने ओला रस्ता नाही, घात करणारी मोहिनी नाही. पुष्कळसे दृश्य उन्हात आहे. तरीही अर्नाळकरांच्या जगात जे घडले नाही ते येथे घडते: शोधकाला डाग लागतो.

सहावी जोडी लांग यांचा 'द बिग हीट' (१९५३) आणि 'अर्धसत्य' (१९८३). दोन्हींत प्रामाणिक पोलीस आणि वर्दीच्याही वर पोहोचलेला गुंड. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून तेंडुलकरांनी लिहिलेल्या 'अर्धसत्य'मध्ये उपनिरीक्षक अनंत वेलणकर याच्या हातून कोठडीत आरोपीचा मृत्यू होतो आणि बचावासाठी त्याला ज्याचा नायनाट करायचा त्याच रामा शेट्टीच्या दारी जावे लागते. लांग यांचा नायक शेवटी आपल्या टेबलाशी परत येतो. वेलणकरला परतायला टेबल उरत नाही. 'माणूस'मधील गणपतपासून 'अर्धसत्य'मधील वेलणकरपर्यंत ४४ वर्षे जातात. पहिल्याची दया अपुरी पडली, दुसऱ्याचा क्रोध.

७

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला कालविपर्यासाचा: १९३९ च्या चित्रपटाला १९४६ मध्ये रूढ झालेल्या नावाखाली आणणे योग्य काय? 'माणूस' हा न्वार आहे असा दावा येथे केलेला नाही. बोर्हेस यांनी १९५१ मध्ये काफ्काविषयी लिहिताना दाखवले की, प्रत्येक लेखक आपले पूर्वसूरी मागाहून निर्माण करतो. न्वार पाहून आलेला डोळा 'माणूस'मध्ये जे पाहतो, ते १९३९ च्या प्रेक्षकाने सुधारणेचा प्रश्न म्हणून पाहिले असणार. दोन्ही दृष्टी एकत्र ठेवण्यानेच कृतीचा इतिहास लिहिता येतो. एकीने दुसरीला पुसून टाकता कामा नये.

दुसरा आक्षेप प्रेक्षकाविषयीचा: ग्रामीण, आंचलिक भागातील विद्यार्थ्याला हा महानगरी प्रकार परका नाही का? झाडीपट्टीतील प्रेक्षकाला रात्र परकी नाही. धानाची कापणी आटोपली की येथे रात्ररात्र नाटके चालतात आणि त्यांत खून, फसवणूक, हरवलेली बहीण आणि उशिरा उमगलेले सत्य यांची वाण नसते. शिष्ट समीक्षा या नाटकांना 'मेलोड्रामा' म्हणून बाजूला सारते. पण अमेरिकन व्यावसायिकांनी न्वारला जे नाव दिले होते ते हेच. म्हणजे, आपला विद्यार्थी न्वारकडे येतो तो चुकीच्या दाराने नव्हे. तो ज्या दाराने येतो ते मूळचेच दार आहे. त्याला शिकायचे आहे ते एवढेच की, ज्या भडक रंगाला तो हसायला शिकला, त्यातही विचार असू शकतो.

यादीचा प्रश्न अभ्यासक्रमापुरता नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली. प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ फितीही तीत गेल्या. 'माणूस' आज पाहता येतो तो त्याच्या अन्य प्रती निघाल्या होत्या म्हणून. प्रत काढली जाते ती ज्या कृतीला कोणी महत्त्वाची मानले तिची. अमेरिकेत २००५ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म न्वार फाउंडेशनने दुर्लक्षित गुन्हेपट शोधून त्यांचे जतन केले, कारण त्यांच्या नावापुढे 'न्वार' हा शब्द लागला होता. समीक्षकाने उशिरा दिलेले नाव कधी कधी फितीला जाळण्यापासून किंवा सडण्यापासून वाचवते. अर्नाळकरांच्या पिवळ्या पडलेल्या पुस्तिका असोत किंवा मराठी गुन्हेपटाच्या प्रती असोत, त्यांना आपण नाव दिलेले नाही. आणि ज्याला नाव नाही ते कोणी मागत नाही.

पॅरिसच्या प्रेक्षकाने दुसऱ्यांचे चित्रपट उशिरा पाहिले आणि त्यांना नाव दिले. आपल्याला आपलेच चित्रपट उशिरा पाहायचे आहेत. हा विलंब पुरेसा झाला आहे. आता त्याचा उपयोग केला पाहिजे. वरील सहा जोड्या हा त्याचा आरंभ आहे. विद्यार्थ्याने त्या पाहाव्यात, सने वहीत टिपावीत आणि मग सातवी जोडी स्वतः लावावी. ती आमच्या यादीला छेद देणारी निघाली, तर यादी आपले काम करून गेली असे म्हणता येईल.